वाचनालयातले सहा संगणक, तीन डेस्कटॉप आणि एक वही

गौरी-गणपतीला गावी गेले होते. पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी वाचनालयात पुस्तकं परत करायला गेले, तर ग्रंथपाल ताईंनी हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. सातारा जिल्ह्यातलं आमचं हे तालुक्याचं वाचनालय, 'ब' वर्गातलं. मागच्या खोलीत सात संगणक. त्यातला एक गेल्या पावसाळ्यात वीज कमी-जास्त होऊन कायमचा गेला, उरले सहा. सहाही पडद्यांवर विंडोज १० चा आधार संपणार असल्याची एकच सूचना होती. ताई म्हणाल्या, "अगं, रोज हे येतंय. ऑक्टोबरनंतर सगळे बंद पडणार म्हणतात. खरं का?"

बंद पडणार नव्हते. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती, एवढंच. पण वाचनालयाच्या संगणकांवर पोरं परीक्षांचे अर्ज भरतात, आधार क्रमांक टाकतात, बँकेचे तपशील देतात. तिथे सुरक्षा थांबणं ही छोटी गोष्ट नाही. विंडोज ११ चढवावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर चालतात. आमच्याकडे तिसऱ्या पिढीचे आय३, प्रत्येकी ४ जीबी रॅम आणि फिरत्या हार्ड डिस्क. वर्षभराची वाढीव मुदत घेता आली असती, पण पुढच्या गणपतीत प्रश्न पुन्हा तोच.

मी गेली दहा वर्षं कामावर आणि घरी लिनक्सच वापरते, विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली. ताईंना म्हटलं, मी येते दर शनिवारी, आपण हे बदलू. कार्यकारिणीनं सहा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेल्या जलद डिस्क, घ्यायला मंजुरी दिली आणि सप्टेंबरमध्ये काम सुरू झालं.

लिनक्सची रूपं पुष्कळ; त्यातलं कुठलं, हे ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. डेबियन १३, म्हणजे 'ट्रिक्सी', ९ ऑगस्टलाच आलं होतं. त्याला एकूण पाच वर्षं सुरक्षेची अपडेट मिळतात, मागे कुठली कंपनी नाही, आणि हे काम संपल्यावर मी दर महिन्याला गावी जाऊ शकणार नव्हते. एकदा बसवलं की शांत राहणारं काहीतरी हवं होतं. अडले ते पुढच्या पायरीवर.

डेबियन बसवताना शेवटाकडे एक पडदा येतो. कुठला डेस्कटॉप हवा, असं तो विचारतो आणि खाली यादी देतो : ग्नोम, एक्सएफसीई, ग्नोम फ्लॅशबॅक, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माते, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. विंडोजवरून येणाऱ्याला हा प्रश्नच नवा असतो. तिथे चेहरा ठरलेला. इथे आतलं यंत्र तेच राहतं. खिडक्या कशा दिसतील, चालू असलेली कामं कुठे दिसतील, मेन्यू कुठून उघडेल, फायली कशात बघायच्या, हे सगळं आपण निवडायचं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर कित्येक वर्षांत मी या पडद्यावर थांबलेले नाही. ग्नोमवर खूण, पुढे. या वेळी खूण करायला हात उचलेना. कारण वापरणार मी नव्हते. वापरणार होत्या ताई, रोज सकाळी पेपर वाचायला येणारे निवृत्त शिक्षक नाना, स्पर्धा परीक्षांची पोरं, आणि अर्ज भरायला येणारं अख्खं गाव.

या यादीतलं प्रत्येक नाव कुणाच्या तरी अशाच अडचणीतून आलेलं आहे. १९९६ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनला शिकणाऱ्या मॅथियास एट्रिशनं लिहिलं होतं की लिनक्सवर प्रत्येक प्रोग्रॅमचं रूप वेगळं, वागणं वेगळं. साध्या वापरणाऱ्यासाठी एकसारखा, नीटस डेस्कटॉप हवा, चला मिळून बनवू. तिथून केडीई सुरू झालं. त्या आवाहनाची तारीख १४ ऑक्टोबर. बरोबर एकोणतीस वर्षांनी त्याच तारखेला आमचे संगणक निराधार होणार होते. हे लक्षात आलं तेव्हा मी ताईंना ते मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. केडीई ज्या क्यूटी नावाच्या साहित्यावर उभं होतं त्याचा परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. क्यूटी पुढे २००० मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं, पण तोवर दोन घरं झाली होती. २०११ मध्ये ग्नोम ३ नं टास्कबार, मेन्यू, सगळं मोडून नवी मांडणी आणली, तेव्हा जुनी मांडणी आवडणाऱ्यांनी माते चालू ठेवलं, आणि लिनक्स मिंटच्या लोकांनी सिनॅमन घडवलं. या सगळ्यात एक्सएफसीई आपलं बाजूला, १९९६ पासून, हळूहळू. त्याच्या आवृत्त्या दोन-दोन वर्षांनी येतात, ४.१८ डिसेंबर २०२२ ला आली, ४.२० डिसेंबर २०२४ ला.

पहिल्या शनिवारी मी एक चूक केली, ती सांगायला हवी, कारण पुष्कळ जण ती करतात. डेबियनच्या त्या पडद्यावर एकाहून जास्त खुणा करता येतात. मी एका संगणकावर ग्नोम, प्लाझ्मा आणि एक्सएफसीई तिन्ही टाकले; लॉगिन करताना हवा तो निवडता येतो, तेव्हा लोकांना एकाच ठिकाणी तुलना करता येईल असा विचार. झालं असं की मेन्यूत तीन फाइल मॅनेजर, तीन टर्मिनल, फोटो बघायचे तीन प्रोग्रॅम. पीडीएफ एकदा एकात उघडे, एकदा दुसऱ्यात. एकाची सेटिंग दुसऱ्यात डोकावू लागली, आयकॉन मिसळले. अशा खिचडीत कुठलाच डेस्कटॉप त्याच्या खऱ्या रूपात दिसत नाही. सगळं पुसलं आणि तीन संगणकांवर तीन वेगवेगळे बसवले. खिडकीपाशी ग्नोम ४८, मधे प्लाझ्मा ६.३, दाराजवळ एक्सएफसीई ४.२०. बाकीचे तीन तोवर विंडोजवरच ठेवले, म्हणजे कुणाचं काम अडायला नको.

एलएक्सक्यूटी मी घरी पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. डेबियन बहुतेक डेस्कटॉपची अशी लाइव्ह प्रत देतं, डिस्कला हात न लावता पाहता येते. हलकं आहे, फार हलकं. पण सेटिंगा इतक्या वेगवेगळ्या खिडक्यांत विखुरलेल्या की मी फोनवरून ताईंना काही सांगू शकले नसते. सिनॅमन आणि माते दोन्ही चांगले. तीनपेक्षा जास्त पर्याय लोकांपुढे ठेवायचे नव्हते, म्हणून सोडले.

आणि मग तिन्ही संगणकांच्या मधे एक वही ठेवली, दोऱ्यानं पेन बांधलेली. पहिल्या पानावर लिहिलं : "अडलं तिथे लिहा. कुणाचं नाव लिहायची गरज नाही."

त्या वहीनं मला जे शिकवलं ते दहा वर्षांच्या वापरानं शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी गेले तेव्हा सात पानं भरली होती. ग्नोमच्या पानावर सगळ्यात वर निळ्या शाईत : "खाली पट्टी नाही. चालू केलेलं कुठे गेलं?" त्याखाली दुसऱ्या अक्षरात : "खिडकी लहान करायचं बटण नाही. फक्त फुली आहे." आणखी एक : "फुली दाबली. फॉर्म गेला." शेवटचं वाचून मला फार वाईट वाटलं. कुणीतरी अर्धा तास भरलेला अर्ज घालवला होता, कारण त्याला खिडकी बाजूला ठेवायची होती आणि समोर फुलीशिवाय काही दिसलं नाही. ग्नोममध्ये चालू खिडक्या पाहायला विंडोजचं बटण दाबायचं किंवा माउस डाव्या वरच्या कोपऱ्यात न्यायचा, मग सगळं एकदम पसरून दिसतं. मला हे अतिशय आवडतं. पडद्यावर फक्त काम राहतं, बाकी काही मधे येत नाही. पण हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. वाचनालयात रोज नवा माणूस येतो, आणि त्याच्या शेजारी मी उभी नसते.

यावर उपाय आहे हे मला माहीत होतं. ग्नोमला खालची पट्टी देणारी एक्स्टेन्शन, म्हणजे छोटे जोडप्रोग्रॅम, डेबियनमध्येच मिळतात, लहान करायचं बटणही परत आणता येतं. बसवूनही पाहिलं. मग विचार केला की ग्नोमची नवी आवृत्ती सहा-सहा महिन्यांनी येते आणि एक्स्टेन्शनना दर वेळी तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. डेबियनवर दोन वर्षं तो प्रश्न येणार नाही, पण पुढच्या डेबियनला जाताना नक्की येईल. ज्या डेस्कटॉपला त्याच्या मूळ स्वभावाविरुद्ध वाकवावं लागतं, तो दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये, असं माझं मत तिथे झालं.

प्लाझ्माच्या पानावर सुरुवात छान होती. "हे बरोबर आहे, आधीच्यासारखं." "चांगलं दिसतंय." मग पाचव्या ओळीत : "पट्टी वर गेली." आठव्यात : "पट्टी नाही." प्लाझ्मात उजवं बटण दाबून संपादनाच्या अवस्थेत गेलं की काहीही हलवता येतं, काढता येतं, जोडता येतं. त्याची ही ताकद खरी आहे, घरच्या संगणकावर मला कुणी प्लाझ्मा दिला तर मी आनंदानं वापरेन. पण आमच्या खोलीत सातवीतली पोरं येतात. त्यांनी दोन दिवसांत घड्याळाची तीन रूपं, पडद्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि हवामानाची चौकट शोधून काढली होती. बंधनं घालायची सोय केडीईमध्ये आहे, मी तिची माहितीही काढून ठेवली. पण तिथे दुसरी गोष्ट आड आली. हा संगणक अजून जुन्या फिरत्या डिस्कवरच होता, आणि सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं डिस्कचा लाल दिवा विझायचं नावच घेत नव्हता. फायलींची सूची बनवणारा बालू नावाचा भाग मागे काम करत असतो. तो बंद केला, दिवा शांत झाला. आणखी काय काय बंद करावं लागेल याची यादी मात्र मनात वाढत गेली.

एक्सएफसीईच्या पानावर सगळ्यात कमी लिहिलेलं होतं. "घड्याळ बारीक आहे." "वर एक पट्टी, खाली एक, दोन कशाला?" आणि तीन वेगवेगळ्या अक्षरांत एकच तक्रार : "खिडकीची कड धरता येत नाही." ही तक्रार अगदी खरी आहे. एक्सएफसीईत खिडकीची कड इतकी बारीक असते की माउसनं ती पकडताना सुईत दोरा ओवल्यासारखं होतं. पण वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की या पानावर "कुठे गेलं" असं कुणीच लिहिलेलं नाही. काय बारीक आहे, काय जास्त आहे, हे लिहिलंय. हरवलं कुणीच नव्हतं.

रॅमचं मोजमापही केलं. काहीही न उघडता, नुसतं लॉगिन करून, आमच्या त्या यंत्रांवर ग्नोम सव्वा जीबीच्या पुढे जात होतं, प्लाझ्मा त्याच्या थोडं खाली, आणि एक्सएफसीई पाऊण जीबीच्या आसपास. ४ जीबीत अर्ध्या जीबीचा फरक म्हणजे ब्राउझरचे चार-पाच टॅब. पण हा आकडा पहिल्या दिवशी मला जेवढा निर्णायक वाटला होता तेवढा चौथ्या आठवड्यात वाटला नाही. एसएसडी बसवल्यावर तिन्ही संगणक कामाला पुरे होते.

खरा वेळ गेला तो मराठीत.

आमच्या वाचनालयात संगणकावर सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं, तर पुस्तकांची नोंद. ताई ती गेली कित्येक वर्षं एका स्प्रेडशीटमध्ये ठेवतात. त्या इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलक-मांडणीनं लिहितात, भराभर, कळफलकाकडे न बघता. ग्नोममध्ये सेटिंगमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट जोडलं, विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला, झालं. मागे आयबस नावाचा जो भाग हे काम करतो तो ग्नोममध्ये आधीपासून विणलेला आहे. प्लाझ्मा आता वेलँड नावाच्या नव्या पद्धतीनं पडदा रंगवतो. तिथे मला 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन आयबस निवडावं लागलं. खऱ्या कळफलकासाठीची गोष्ट या नावाखाली असेल हे सुचायला एक संध्याकाळ गेली. एक्सएफसीई अजून जुन्या एक्स११ वर चालतो. तिथे वेगळीच गंमत. मी मराठी दोन ठिकाणी जोडून बसले होते, एक्सएफसीईच्या कळफलक सेटिंगमध्ये आणि आयबसमध्येही. दोघं एकमेकांवर कुरघोडी करायला लागले. 'क' दाबावा तर कधी 'क', कधी इंग्रजी के. एक्सएफसीईतलं मराठी काढलं, आयबसवरच सगळं सोपवलं, लॉगआउट करून परत आले, तेव्हा कुठे ते सुरळीत झालं.

मग ताई बसल्या. त्यांनी पुस्तकांची ती स्प्रेडशीट उघडली आणि शोधायच्या चौकटीत 'कादंबऱ्या' असं टाइप केलं. जेवढ्या नोंदी यायला हव्या होत्या त्याच्या निम्म्याही आल्या नाहीत. ताई घाबरल्या. म्हणाल्या, "बाकीच्या गेल्या का गं?"

गेल्या नव्हत्या. हे प्रकरण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावं असं आहे. 'ऱ्या' मधला तो आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक तऱ्हा म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याचा पाय मोडून पुढे य. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची कळ दाबली की हा ऱ मिळतो. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, पाय मोडायची खूण, मग डोळ्यांना न दिसणारा एक जोडचिन्हाचा ठिपका, आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. आधी कधीतरी दुसऱ्या कुणी उच्चारावरून लिहायच्या साधनानं नोंदी भरल्या होत्या, त्या सगळ्या दुसऱ्या तऱ्हेच्या. म्हणजे हा घोळ विंडोजवरही होताच. ताई तिथे यादीवर नुसती नजर फिरवून पुस्तक काढत, शोधायची चौकट वापरतच नव्हत्या. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचात एक तऱ्हा शोधून तिच्या जागी दुसरी भरली. सातशेच्या वर ठिकाणी बदल झाला. ताईंनी पुन्हा 'कादंबऱ्या' शोधलं, आकडा बघितला, आणि पुढची दहा मिनिटं त्या नुसत्या शोधत बसल्या. 'सुऱ्या', 'दऱ्या', 'दुसऱ्या', 'किनाऱ्यावर'. प्रत्येक सापडत होतं.

त्या दिवशी मी एक गोष्ट ठरवून टाकली. डेस्कटॉप कुठलाही येवो, सहाही संगणकांवर मराठी लिहायचं साधन एकच राहील : आयबस, त्यात इनस्क्रिप्ट, आणि ज्यांना उच्चारावरून लिहायचंय त्यांच्यासाठी दुसरं एक, तेही 'ऱ' नीट देतं का हे पाहूनच.

नानांची हरकत वेगळी होती. ते पडद्याजवळ चेहरा नेऊन म्हणाले, "हा ल आपला नाही." फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा, दांडीचा ल होता, त्यांनी चाळीस वर्षं फळ्यावर दोन पाकळ्यांचा ल काढला होता. लोहित मराठी टाकला, ल आणि श दोन्ही आपल्या वळणाचे झाले. लोहितवर बरीच वर्षं आपल्या पुण्यातच काम झालंय, हे नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पेपर उघडला.

मेन्यूही मराठी करून पाहिले. तिन्हीकडे थोडं मराठी, थोडं इंग्रजी असं मिसळलेलं आलं; भाषांतर करणारी माणसं मोजकी आणि काम डोंगराएवढं. पोरांनी दुसऱ्याच दिवशी वहीत लिहिलं, "सेव्ह कुठे आहे?" नाना सोडून सगळ्यांनी इंग्रजी मेन्यू मागितले. लिहायला मराठी, मेन्यूला इंग्रजी, असं ठरलं. मला हे मनापासून आवडलेलं नाही. भाषांतर पूर्ण असतं तर वहीतली ओळ वेगळी असती असं मला अजून वाटतं, आणि त्या कामात थोडा हात लावायचं मी मनावर घेतलंय.

महिन्याभरानं, दसरा झाल्यावर, एक्सएफसीई ठरला. मग मी वहीतली त्याची एकेक तक्रार घेऊन बसले. वरची पट्टी काढली, खालचा डॉक काढला, एकच पट्टी खाली ठेवली, तिच्यात शोधता येणारा मेन्यू टाकला. घड्याळ मोठं केलं, तारखेसह. जाड कडेची थीम लावली. शिवाय ऑल्ट धरून माउसच्या उजव्या बटणानं खिडकी कुठूनही ओढून लहान-मोठी करता येते, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावलं. पट्टी कुलूपबंद केली. एक्सएफसीईच्या सगळ्या सेटिंग होम फोल्डरच्या आत लपलेल्या एका फोल्डरात साध्या मजकुराच्या फायलींत असतात. ते फोल्डर एकदा मनासारखं झालं की उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवायचं, तिथेही तेच रूप. 'वाचक' नावाचं एक खातं केलं आणि संगणक सुरू होताना दर वेळी ते फोल्डर मूळ प्रतीवरून नव्यानं भरलं जाईल अशी चार ओळींची स्क्रिप्ट लावली. पोरांनी काहीही हलवावं, उद्या सकाळी सगळं जागच्या जागी.

नानांना आणखी एक देणगी मिळाली. ऑल्ट धरून माउसचं चाक फिरवलं की अख्खा पडदा जवळ येतो, भिंगाखाली धरल्यासारखा. हे एक्सएफसीईत मुळातच आहे, मला ते विसरायलाच झालं होतं. नानांचा हात चुकून ऑल्टवर पडला आणि त्यांनीच शोधलं. आता ते चष्मा खिशात ठेवून अग्रलेख वाचतात.

चार संगणक झाले. पाचव्याला मी डिस्क बसवत होते तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा खोलीत आला. त्याला दिसत नाही. तो विंडोजवर एनव्हीडीए हे मुक्त साधन वापरून, कानांनी संगणक चालवायचा, त्यानं दारातूनच विचारलं, "ताई, नवीन कम्प्युटर बोलतात का?"

मी महिनाभर वही वाचत होते. वहीत त्याचं एक अक्षर असणं शक्यच नव्हतं, आणि हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

एक्सएफसीईवर ऑर्का हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, चालू करून दिला. ब्राउझर आणि लिब्रेऑफिस तो वाचत होता, पण खालच्या पट्टीवर, मेन्यूत, सेटिंगच्या खिडक्यांत मधेच गप्प व्हायचा. मुलगा थांबून राहायचा, परत मागे जायचा. मग आम्ही खिडकीपाशी गेलो, जिथे ग्नोम अजून तसाच होता. ऑल्ट, विंडोजचं बटण आणि एस, तिन्ही एकदम दाबले. ऑर्का बोलायला लागला आणि त्याचा चेहरा बदलला. "हा आवाज माझ्या ओळखीचा आहे," तो म्हणाला. बरोबर होतं. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक एनजी नावाचा आवाज आणि इथला आवाज एकच, मराठीही तोच वाचतो. सपाट आवाज आहे, पण त्याला त्या वेगाची सवय होती. त्यानं वेग इतका वाढवला की मला एक शब्द कळेना.

मी त्याला विंडोजचं बटण दाबून प्रोग्रॅमचं नाव टाइप करायला सांगितलं. दोन अक्षरं, एंटर, उघडलं. पुन्हा बटण, दोन अक्षरं, एंटर. बाकीच्यांना ज्या मांडणीत काही दिसत नव्हतं, तिथे हा दहा मिनिटांत माझ्यापेक्षा जलद फिरत होता. पट्टी नसल्याचं त्याला काय. एंटर दाबून तो थांबायचा, ऐकायचा, मान हलवायचा, पुढे जायचा.

तो संगणक ग्नोमवरच ठेवला. जळालेल्या सातव्यातली ४ जीबीची रॅम काढून त्यात घातली, ती चांगली होती. लॉगिनच्या पडद्यापासूनच ऑर्का बोलेल असं केलं, म्हणजे त्याला कुणाची वाट बघायला नको. खिडकीजवळची ती जागा आता त्याची. बाकीच्यांनाही बसता येतं, पण तो आला की उठायचं, हे पोरांनीच आपापसात ठरवलं.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी दिवाळी अंकांच्या पेट्या आल्या. ताईंनी दाराजवळच्या संगणकावर बसून पहिल्या दोन पेट्यांतल्या अंकांची यादी टाइप केली आणि छापून नोटीस बोर्डावर लावायच्या आधी त्या मुलाला ईमेलनं पाठवली. खिडकीपाशी तो हेडफोन लावून पूर्ण यादी ऐकत बसला. संपल्यावर एक कान मोकळा करून त्यानं ताईंना विचारलं, "तिसऱ्या पेटीची कधी टाकताय?"